टाचणीएवढं भोक

बाई – शिक्का तर ताजा दिसतोय, तात्या. सहा महिने चालायचा हातमोजा तुम्ही आठ दिवसांत परत आणलात?

तात्या – हो.

बाई – नुसतं हो? एरवी चांगली लांबलचक गोष्ट असते. मागच्या खेपेला पत्र्याला घासला. त्याच्या आधी कुंपणाची तार लागली. त्याच्या आधी तर मांजरानं ओढून नेला होता.

तात्या – मांजर खरं होतं.

बाई – असेल बाई. लाइनमनचे रबरी हातमोजे खाणारं मांजर. बसा ना, उभे का? त्या स्टुलावरच्या फायली खाली ठेवा. आणि त्याआधी बाहेरची नोटीस सरळ करून या.

तात्या – कुठली नोटीस?

बाई – 'तपासल्याशिवाय हातमोजे वापरू नयेत.' बाकाच्या वर बोर्ड आहे, त्यावरची. तिची एक टाचणी सारखी नाहीशी होते आणि बिचारी एका कोपऱ्यावर लोंबकळत राहते. मी नवी लावते, ती पुन्हा गायब. गंमत म्हणजे तुम्ही येऊन गेलात की हमखास.

तात्या – ताईंचं ऑपरेशन कसं झालं?

बाई – व्यवस्थित. विषय बदललात, पण जाऊ दे. ताईचं काही नाही, भाचीनं मात्र चार दिवस माझं डोकं खाल्लं. तिला वर्गात विचारलं, तुझी मावशी काय करते? ही म्हणाली, टेस्टिंग. तर मुलं म्हणे, म्हणजे सगळ्यांना नापास करते! रडत घरी आली. मी समजावायला गेले आणि मलाच धड सांगता येईना. शाळेत टेस्ट म्हटलं की पोटात गोळा. दवाखान्यात रक्त टेस्टिंगला दिलं की रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाला घास जात नाही. तो माईकवाला स्टेजवर 'हॅलो टेस्टिंग, हॅलो टेस्टिंग' म्हणून घसा फोडतो, त्याचं कुणी ऐकतसुद्धा नाही. या सगळ्यांत माझं टेस्टिंग नेमकं कुठलं?

तात्या – मग काय सांगितलंत?

बाई – काय सांगणार? म्हटलं, मी मोजे फुगवते. तर म्हणाली, ते मलाही येतं.

तात्या – बाई, हा आधी बघा. बोलणं मागनं.

बाई – आज एवढी घाई? तुमचा जोडीदार पैलवान गाडीत ताटकळलाय वाटतं.

तात्या – गाडीतच आहे. पण घाई त्याची नाही. बघा तुम्ही.

(बाई मोजा मनगटाकडून गुंडाळत आणतात. आतली हवा बोटांकडे कोंडते, बोटं टम्म फुगतात. त्या तो गालाजवळ धरून सावकाश फिरवतात.)

बाई – आहे. वारा लागतोय गालाला. मनगटाच्या वर चार बोटं, आतल्या अंगाला. नेहमीच्या जागी.

तात्या – हं.

बाई – हं काय? थांबा. शिक्क्यावर बुधवारची तारीख आहे. बुधवारी मी ताईकडे होते. मग हा शिक्का कुणी मारला?

तात्या – स्टोअरच्या साहेबांनी. तुमच्या खुर्चीत ते बसले होते.

बाई – आणि त्यांनी फुगवून नाही बघितला?

तात्या – फोनवर बोलत होते. एका हातानं फोन, दुसऱ्या हातानं ठप्प, ठप्प. घ्या म्हणाले.

बाई – अरे देवा! आणि तुम्ही?

तात्या – मी घेतला.

बाई – तोंड शिवलं होतं का? म्हणायचं ना, साहेब, जरा फुगवून बघा.

तात्या – ते म्हणाले असते, का, भोक आहे की काय? मग मी काय सांगणार होतो? आहे म्हटलं, तर ते मला कसं ठाऊक?

बाई – कसं ठाऊक होतं?

तात्या – तुम्हाला माहीत आहे, बाई. मघाशी टाचणीचं उगाच नाही काढलंत.

बाई – मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

तात्या – मीच पाडलं होतं. बाहेरच्या बाकावर बसून, नोटिशीची टाचणी काढून.

बाई – याच वेळी?

तात्या – सगळ्या वेळी. आठ महिन्यांत पाच. हा सहावा. पण कामावर कधीच नाही हो, इथं दाराबाहेर. भोक पाडायचं, लगेच आत यायचं, तुम्ही नापास करायचा, कात्रीनं त्याची बोटं उडवायची, मला नवा जोड. कुणाच्या केसाला धक्का लागायचा नाही. मी सगळा विचार केला होता.

बाई – सगळा! मी एखाद्या दिवशी नसेन, एवढा सोडून.

तात्या – तेवढा सोडून.

बाई – आणि हे सगळं कशासाठी? नको, आत्ता नका सांगू. आधी हे सांगा, बुधवारी इथून निघाल्यावर हा मोजा कुठं गेला?

तात्या – पिशवीच्या तळाशी. संध्याकाळी मीच कापून टाकणार होतो. राहून गेलं.

बाई – राहून गेलं! दूध आणायचं राहून जातं, तात्या.

तात्या – बोला. बोलून घ्या. पण पुढचं ऐका. काल वादळानं तार तुटली ना, तिकडे आम्ही दोघं गेलो. पैलवानाचे मोजे चिखलात पडले. मी ऑफिसला फोन करून लाइन बंद झाली का विचारत होतो. त्यानं पिशवीत हात घातला. एक गाडीचा जुना राखीव जोड, एक माझा ताज्या शिक्क्याचा. त्यानं ताजा घेतला. कुणीही तोच घेईल.

बाई – आणि चढला?

तात्या – वळून बघतो तर वर. हात पुढे केलेला. खालून मला बाकी काही दिसलं नाही, मनगटावरचा तो लाल शिक्का दिसला. ओरडलो. काय ओरडलो तेही आठवत नाही. उतरला तो. खांब कुजलाय म्हणून थाप मारली.

बाई – पण लाइन बंद होती ना?

तात्या – आमच्या बाजूनं बंद. मी दुसरा जोड फुगवून बघितला, घातला, चढलो, तारेला टेस्टर लावला. तर दिवा लागला, बाई. मागच्या गल्लीत कुणीतरी घरचा जनरेटर सुरू केला होता. वीज उलटी तारेत आलेली. रात्रभर डोळ्यासमोर तो दिवाच. सकाळ होताच सरळ इथं आलो.

बाई – तो पाण्याचा तांब्या द्या इकडे. घोटभर पिऊ दे आधी.

तात्या – बाई...

बाई – बोलू नका. माझे वडील लाइनवर होते. नव्हतं ना माहीत? मी कुणाला सांगत नाही. त्यांच्याही मोज्यावर शिक्का होता. छान, ठसठशीत. उजव्या हाताची तीन बोटं गेली. मी चौथीत होते. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी त्यांच्या सदऱ्याची बटणं मी लावायचे. ते मान वर करून उभे राहायचे, लहान मुलासारखे, आणि माझ्याकडे बघायचे नाहीत. शिक्का मारणाऱ्यावर कधी चिडले नाहीत. घाईत असेल बिचारा, म्हणायचे. मला नाही जमलं तसं. मी या खुर्चीत येऊन बसले. भाचीला सांगायला शब्द सापडत नव्हता ना? आत्ता सापडला. कुणाच्या बापाची बटणं त्याच्या मुलीला लावायला लागू नयेत, हे माझं टेस्टिंग. एवढंच काम आहे माझं. आणि तुम्ही ते माझ्याच दारात बसून...

तात्या – लिहा, बाई. रजिस्टर काढा आणि जसं झालं तसं लिहा. मी सही करतो.

बाई – तीन महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय.

तात्या – ठाऊक आहे.

बाई – चौकशी लागेल.

तात्या – लागू दे. काल पैलवानाच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला काय सांगायला लागलं असतं, ते रात्रभर मनात घोळवत होतो. त्यापुढे चौकशी म्हणजे काहीच नाही.

बाई – बरं. काढते रजिस्टर. पण लिहायच्या आधी मागच्या पाच नोंदी वाचा. मोठ्यानं. शेवटचा रकाना.

तात्या – 'नापास होण्याचं कारण'. झीज. झीज. झीज. झीज... ही पण झीज.

बाई – अक्षर कुणाचं?

तात्या – तुमचं.

बाई – सव्वीस वर्षं मोजे बघतेय. झीज झाली की रबर आधी पांढरं पडतं, चिरा जातात. गोल, टाचणीएवढी, मोजून मापून एकाच जागी झीज होत नसते. दुसऱ्याच खेपेला कळलं मला.

तात्या – आणि बोलला नाहीत?

बाई – नाही बोलले.

तात्या – का?

बाई – बोलले असते तर तुम्ही यायचे थांबला असतात. झालं समाधान? बघू म्हटलं, आपणहून कधी सांगतात. दर वेळी मनात म्हणायचे, आज सांगतील. तुम्ही पत्र्याची गोष्ट सांगायचात, मी झीज लिहायचे. म्हणजे काय, मी तुम्हालाच टेस्टिंगला लावलं होतं, तेही तुम्हाला न सांगता. विजेच्या चाचणीसाठी मोजा पाण्याच्या टाकीत सोडताना त्याचा नंबर लिहिते, तारीख लिहिते. माणसाचं मात्र गुपचूप. असं नसतं करायचं. ज्याची काळजी आहे त्याला समोर बसवून विचारायचं असतं, आणि मी चार वेळा पान उलटलं. दुसऱ्याच वेळी कान धरला असता, तर कालचं काही झालंच नसतं.

तात्या – भोक मी पाडलं, बाई. ते तुमच्या अंगावर ओढून घेऊ नका.

बाई – ओढून घेत नाही. माझ्या वाटचं तेवढं घेतेय. पुसू का हे पाच? म्हटलं तर खोडरबर आहे ड्रॉवरमध्ये.

तात्या – नका.

बाई – मीही पुसणार नव्हतेच. तुम्ही काय म्हणता ते... बघा, पुन्हा तेच! पुन्हा परीक्षा घेतली मी तुमची. मेली खोडच लागलीय.

पैलवान – अरे तात्या, अर्धा तास झाला! हॉर्न वाजवून गाडीची बॅटरी उतरली, आणि तू इथं पाय पसरून! बाई, आलात का रजेवरून? बरं झालं हो. तुम्ही नव्हतात तर हा माणूस डबा उघडायचा आणि नुसता बघत बसायचा. चार दिवस मीच दोन डबे खाल्ले. तरी अंगाला लागत नाही ते सोडा.

तात्या – पैलवान, बस जरा.

पैलवान – बसतो कसला, सहा तक्रारी पडल्यात. काय झालं? तोंडं का अशी? कुणी गेलं का?

तात्या – काल मी तुला खांबावरून उतरवला.

पैलवान – हो, कुजलाय म्हणालास. मग त्याच खांबावर स्वतः चढलास. म्हटलं, माझ्या दुप्पट वजनाचा हा गडी, याला बरा पेलतोय कुजका खांब!

बाई – मग विचारलं का नाहीत?

पैलवान – वर असताना हा खालून जे सांगतो ते करायचं, बाई. का, कशाला, नाही. बावीस वर्षं अशीच काढली. म्हणून तर दोघं जेवतोय अजून.

तात्या – खांब ठणठणीत होता. मोज्याला भोक होतं. मी पाडलेलं.

पैलवान – कुठल्या मोज्याला?

बाई – तुम्ही काल घातलेल्या. हा बघा. इथं गाल आणा. लागला वारा?

पैलवान – एवढंसं?

बाई – एवढंसं पुरतं.

पैलवान – आणि हे तू पाडलंस? मुद्दाम?

तात्या – मुद्दाम. तुझ्यासाठी नाही रे. तू तो घालशील असं स्वप्नातसुद्धा...

पैलवान – का पाडलंस?

तात्या – जाऊ दे. चूक झाली.

पैलवान – जाऊ दे नाही. बावीस वर्षांत आज पहिल्यांदा विचारतोय. का?

तात्या – बाईंना भेटायला. ऐकलंस? मोजा बिघडल्याशिवाय इथं यायला काही निमित्त नव्हतं. बायको गेली त्याला सहा वर्षं झाली. घरी गेल्यावर मी रेडिओशी बोलतो. इथं आलं की बाई मोजा फुगवतात, गालाला लावतात, मला चार शब्द सुनावतात, पंधरा मिनिटं जातात. त्या पंधरा मिनिटांसाठी. बाई, हे मी असं तिसऱ्या माणसासमोर सांगणार नव्हतो. खरं म्हणजे कधीच सांगणार नव्हतो.

पैलवान – तिसरा माणूस! अरे माठ्या, अख्ख्या डेपोला ठाऊक आहे तू इथं कशाला येतोस. तू आलास की वॉचमन घड्याळ लावतो. तोंड होतं की तुला! बाई, चहाला येता का, एवढं म्हणायला काय जीभ झडत होती?

तात्या – नाही म्हणाल्या असत्या तर?

पैलवान – तर नाही म्हणाल्या असत्या! मलाही विचारायचंस, पैलवान, माझ्या लाजेपायी मरतोस का? मीही नाहीच म्हणालो असतो.

तात्या – माफ कर.

पैलवान – आत्ता नाही जमणार. थांब. मला माझे हात बघू दे जरा.

बाई – बसा. पाणी घ्या.

पैलवान – काल लवकर घरी गेलो, बाई. बायको म्हणाली, आज कसे वेळेवर? मी म्हटलं, वादळाला दया आली. हसली. मग मी भाजी चिरून दिली तिला, याच हातांनी. आणि हा लेकाचा घरी बसून रात्रभर एकटाच...

तात्या – झोपलो नाही.

पैलवान – नको झोपूस. बाई, हे लिहिणार आहात ना?

बाई – लिहिणार आहे. यांचंही आणि माझंही. मला भोकाचं कारण ठाऊक होतं आणि मी झीज लिहीत राहिले. स्टोअरच्या साहेबांचा शिक्काही लिहिणार, त्यांना राग येईल तो येवो.

पैलवान – मग माझी एक ओळ घाला त्यात. घालायच्या आधी मोजा फुगवून बघायचा असतो, ते मी केलं नाही. शिक्का बघितला आणि चढलो. बाईंच्या खोलीतून आलाय म्हटल्यावर काय बघायचं, असं वाटलं. सही कुठं करू?

बाई – इथं. तात्या, तुम्ही त्याच्या खाली. मी सगळ्यात शेवटी करते.

पैलवान – झालं. मी गाडीत जातो. तात्या, तुझ्यावर रागावलोय हे लक्षात ठेव. पण बसणार तुझ्या शेजारीच, त्या गाडीत दुसरी सीट नाही. आणि लवकर येऊ नकोस. मला जरा एकट्यानं बसायचंय.

तात्या – बॅटरी उतरलीय म्हणालास ना?

पैलवान – मग ढकलशील की! तेवढं तर करशील माझ्यासाठी.

तात्या – गेला.

बाई – येईल भानावर. तुम्हाला शिव्या दिल्या म्हणजे अर्धा आलाच. ही कात्री घ्या. आज तुम्ही कापा. पाचही बोटं, मुळापासून. दुसऱ्या मोज्याचीही. जोड आहे तो.

तात्या – रबर चांगलं आहे हो. हात धजत नाही.

बाई – कापा.

तात्या – हे घ्या. झालं.

बाई – ठेवा त्या डब्यात. आता ऐका. हे रजिस्टर मी दुपारी मोठ्या साहेबांकडे नेणार. चौकशी संपेपर्यंत तुम्हाला खांबावर चढू देणार नाहीत.

तात्या – टेबलावर बसवतील. कागदांना पंच मारत बसेन. भोकं पाडायची सवय आहेच म्हणा.

बाई – हसवू नका. मी रागावलेय.

तात्या – तुमचं काय होईल?

बाई – मला या खोलीतून हलवतील कदाचित. दुसरं कुणी बसेल इथं. नीट फुगवून बघणारं असलं म्हणजे झालं.

तात्या – सव्वीस वर्षांची खोली तुमची. माझ्या पायी.

बाई – माझ्या अक्षरापायी. ते मी लिहिलंय तिथं, आता उगाळू नका.

तात्या – बाई, तुमचा राग किती दिवस राहील?

बाई – चांगला महिनाभर. जास्तच. वडिलांचं आठवलं की परत येईल. मधेच एखाद्या दिवशी तुमच्याशी बोलणार नाही, तेव्हा कारण विचारू नका. पण राग आहे म्हणजे तुम्ही नकोत, असं नाही. हे मी एकदाच बोलणार आहे, पुन्हा म्हणायला लावू नका.

तात्या – ऐकलं. एकदा पुष्कळ झालं.

बाई – संध्याकाळी साडेपाचला सुटते मी. मागच्या दारानं. रस्त्यापलीकडे चहाची टपरी आहे, तिथं दोन बाकडी आहेत.

तात्या – साडेपाच. पण बाई, माझ्याकडे आता मोजे नाहीत. काय घेऊन येऊ?

बाई – काही नको. नुसते या.